शिडाच्या बोटीवर जायचंय? मग कोल्हापुरात पैसे कसे आणि कुठल्या क्रमाने साठवायचे

दर दिवाळीनंतर मला दोन-तीन फोन येतात. कुणी शिरोलीच्या फौंड्रीत असतं, कुणी गोकुळ शिरगावला सीएनसीवर, एखादी मुलगी शाहूपुरीत अकाउंट्स सांभाळणारी. प्रश्न साधारण एकच: "दादा, दोन लाख साठलेत. नोकरी सोडून शिडाच्या बोटीवर जातोय. पुरतील ना?"

बहुतेकांनी साठवलेली रक्कम वाईट नसते, क्रम उलटा असतो. आधी राजीनामा, मग सामानाची खरेदी, मग शिक्षण, आणि आपल्याला बोट लागते, म्हणजे बोटीवर मळमळतं, हे कळतं सगळ्यात शेवटी. तोवर खात्यात परतीच्या तिकिटाचेही पैसे उरलेले नसतात. मी उद्यमनगरात सहा वर्षं मशीनवर काढून पहिला हंगाम केला, आणि आजही पावसाळ्यात तिथंच काम करतो. खाली लिहिलंय ते याच क्रमाने करा. एखादा टप्पा लांबला तर चालेल, पण गाळू नका.

टप्पा १: काय हवंय ते एका ओळीत लिहा

"समुद्रावर जगायचंय" एवढ्याने हिशेब होत नाही. शिडाच्या आयुष्याचे तीन प्रकार धरा, कारण तिघांचे आकडे एकमेकांपासून फार लांब आहेत.

पहिला प्रकार, दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून जाणं. बोट मालकाची, जेवणखाणाचा वाटा तुमचा, येण्याजाण्याचा खर्च तुमचा. दुसरा, हंगामी आयुष्य: समुद्र उघडा असेल तेव्हा बोटीवर, पावसाळ्यात कोल्हापुरात नोकरी. तिसरा, स्वतःची बोट.

तिसऱ्यावर सगळ्यांचं मन असतं. बोटवाल्यांमध्ये एक ढोबळ हिशेब चालतो की बोटीच्या किमतीच्या साधारण दहावा हिस्सा दरवर्षी देखभालीला जातो. म्हणजे २० लाखांची बोट घेतली की वर्षाला २ लाख धरायचे, ती नुसती उभी असली तरी. तळाला शेवाळ आणि शिंपले धरतात, उन्हाने शिडाचा दोरा कुजतो, मिठाने पंपाचं रबर जातं. ज्याने दोन-तीन हंगाम दुसऱ्याच्या बोटीवर हे काम हाताने केलंय, त्याला कुठली बोट घ्यायची नाही हे कळतं. म्हणून पहिली तीन वर्षं पहिल्या दोन प्रकारांचाच आकडा काढा. हा लेखही त्यांच्याचसाठी आहे.

सावधान: शिडाची हौशी बोट आणि मर्चंट नेव्ही या दोन वेगळ्या वाटा आहेत. "बोटीवर लावतो" म्हणून लाख-दीड लाख मागणारे एजंट आपल्या भागात भरपूर फिरतात. मालवाहू जहाजावरच जायचं असेल, तर भरती करणाऱ्या कंपनीकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा, परवाना आहे का ते संचालनालयाच्या संकेतस्थळावर स्वतः बघा. जहाजावर लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घ्यायला बंदी आहे. पैसे मागितले, की तिथून उठा.

टप्पा २: साठवायला लागण्याआधी बोट लागते का ते बघा

तीन वर्षं पोटाला चिमटा घ्यायचा आणि पहिल्याच लाटेवर आडवं व्हायचं, हे टाळता येतं. याला खर्च येतो फार तर एका सुट्टीचा.

डिसेंबर ते मार्चमध्ये आंबा घाट उतरून रत्नागिरी गाठा किंवा फोंडा घाटाने मालवण. पर्यटकांची अर्ध्या तासाची फेरी नको. एखाद्या तांडेलाशी, म्हणजे मासेमारी बोटीच्या प्रमुखाशी, बोला, त्याच्या खर्चाचे पैसे द्या, आणि तो नेत असेल तर अर्धा दिवस बाहेर जाऊन या. सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो, पाणी सपाट असतं, सगळ्यांना वाटतं आपल्याला काही होत नाही. खरी परीक्षा दुपारनंतर, वायव्येकडून खारा वारा चढतो आणि लाट आखूड होते तेव्हा. त्या वेळी खाली वाकून दोरी आवरा, जाळ्याचा वास घ्या, कांदा चिरून बघा. डोळे क्षितिजावर ठेवून बसलेल्या माणसाला बरंच सोसतं. बोटीवर मात्र खाली मान घालूनच काम करायचं असतं.

उलटी झाली म्हणून स्वप्न मोडीत काढू नका. बहुतेकांचं बोट लागणं दोन-तीन दिवसांत कमी होतं. पण तिसऱ्या फेरीतही तुम्ही निव्वळ पडून राहत असाल, तर हे पैसे भरण्याआधी कळलेलं बरं.

दुसरी चाचणी पोहण्याची. फूल पँट आणि शर्ट घालून २०० मीटर पोहता आलं पाहिजे, न थांबता. विहिरीत सूर मारणारी आपली पोरं इथं गाफील राहतात. विहिरीत काठ चार हातांवर असतो. जलतरण तलावात रीतसर सराव करा. पुराच्या पाण्यात पोहण्याच्या शर्यती लावण्याचा याच्याशी काही संबंध नाही, आणि त्यात दरवर्षी जीव जातात.

पडताळणी: दुपारच्या वाऱ्यात तीन फेऱ्या झाल्या? कपड्यांसकट २०० मीटर झाले? दोन्हीला हो असेल तरच पुढे.

टप्पा ३: आकडा काढा, पंचगंगेसारख्या दोन पातळ्यांसह

इथं सगळ्यात जास्त चुकतं, म्हणून सावकाश वाचा.

कोल्हापूरकराला राजाराम बंधाऱ्याची पातळी समजावून सांगावी लागत नाही. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. ३९ ला माणसं सामान माळ्यावर टाकतात, जनावरं हलवतात. ४३ ला घर सोडतात. २०१९ आणि २०२१ ला ज्यांनी ३९ ला हालचाल केली त्यांचं बरंच वाचलं. खात्यातल्या पैशाला अशाच दोन रेषा आखायच्या, फक्त इथं पातळी वरून खाली येते.

*धोका पातळी* म्हणजे ज्या रकमेला समुद्रावर असताना हात लावायचाच नाही. ती अशी काढा: जिथं असाल तिथून घरी येण्याचं भाडं, किनाऱ्यावर नवं काम मिळेपर्यंत तीन महिन्यांचा खर्च, आणि दवाखान्यासाठी हातात लागणारी रोकड. उदाहरण म्हणून:

परतीचं भाडं ४०,००० रुपये, तीन महिने दरमहा १५,००० प्रमाणे ४५,०००, दवाखाना ३५,०००. एकूण १,२०,०००.

*इशारा पातळी* म्हणजे धोका पातळी अधिक समुद्रावरच्या दोन महिन्यांचा खर्च. जेवणाचा वाटा, बंदराचं शुल्क, एसटी-रेल्वे, मोबाइल, विमा, तुटलंफुटलं हे सगळं धरून महिना २५,००० मानला, तर इशारा पातळी १,७०,००० येते. दोन महिने यासाठी की परतीचा निर्णय घेतला त्या दिवशी तुम्ही बंदरात असालच असं नाही, आणि दुसऱ्याच्या बोटीवरून मधेच उतरणं म्हणजे त्यालाही माणूस शोधायला वेळ द्यावा लागतो.

आता पूर्ण हिशेब. समजा ओव्हरटाइम धरून महिना ३२,००० हातात येतात. खोली ५,०००, मेस ४,०००, घरी ५,०००, पेट्रोल-मोबाइल-इतर ४,०००. खर्च १८,०००, उरले १४,०००. छत्तीस महिन्यांचे ५,०४,००० झाले. व्याज धरलेलं नाही, कारण तेवढीच महागाईही होते. बोनसही धरलेला नाही, तो पुढे लागणार आहे.

फोनवर मला लगेच सांगितलं जातं, "पाच लाख भागिले पंचवीस हजार, म्हणजे वीस महिने!" असं नसतं. ५,०४,००० मधून शिक्षण आणि अंगावरचं साहित्य १,६०,००० गेले. राहिले ३,४४,०००. त्यातून धोका पातळीचे १,२०,००० बाजूला. खर्चायला उरले २,२४,०००, म्हणजे जेमतेम नऊ महिने. ऑक्टोबर ते मे असा एक हंगाम नीट होतो आणि थोडे शिल्लक राहतात. तीन वर्षांच्या मेहनतीत एक हंगाम. हे ऐकून काहींचा चेहरा पडतो, पण हा आकडा खरा आहे, आणि दुसऱ्या हंगामाला शिक्षणाचा खर्च पुन्हा लागत नाही.

तुमचे आकडे वेगळे असतील. पद्धत हीच ठेवा आणि वहीच्या पहिल्या पानावर दोन्ही पातळ्या ठळक लिहा.

पडताळणी: आई-वडिलांना दरमहा पैसे देता का? मग तुम्ही बोटीवर असतानाचे ते आठ-नऊ महिनेही हिशेबात धरा. हे विसरलेली माणसं मार्चमध्येच परत येतात.

टप्पा ४: आधी कर्ज

इथं फार बोलायचं नाही. गाडीचा हप्ता, मोबाइलचा हप्ता, क्रेडिट कार्ड, पतपेढीचं कर्ज, मित्राकडून घेतलेले उसने. बचत सुरू करण्याआधी हे मिटवा, सगळ्यात महाग व्याज आधी. समुद्रावर रेंज नसताना हप्ता चुकतो आणि जामीन राहिलेल्या मावसभावाच्या दारात माणसं जातात. तुम्ही स्वतः कुणाला जामीन असाल तर तेही आधी मोकळं करून घ्या.

टप्पा ५: असं काम निवडा की पगारासोबत हातही तयार होईल

कोल्हापूर समुद्रापासून लांब आहे हे खरं. पण शिडाच्या बोटीवर जे हुन्नर लागतं, त्यातलं निम्मं या गावात गल्लोगल्ली मिळतं. ज्या माणसाला इंजिन कळतं, त्याला कॅप्टन आधी घेतो. नुसती हौस असलेले भरपूर असतात.

म्हणून ऑफिसातल्या २८,००० पेक्षा मी कारखान्यातले २५,००० आणि ओव्हरटाइम निवडा असं सांगेन. नेमलेल्या तासांवरच्या कामाला कायद्याने दुप्पट दर आहे. तो पगारपत्रकावर दिसतोय ना, ते पहिल्या महिन्यातच बघा.

*डिझेल इंजिन.* हे पहिलं शिका. उद्यमनगरात ऑइल इंजिनवर हात काळे केलेल्या जुन्या मिस्त्रीकडे सुट्टीच्या दिवशी सहा महिने फुकट काम करा. लाइनमध्ये एअर घेतली की नॉझलपर्यंत ती कशी काढायची, फिल्टरमधलं पाणी कसं ओळखायचं, बेल्टचा ताण, व्हॉल्व्हचं क्लिअरन्स. बोटीच्या इंजिनात वेगळं एवढंच की ते समुद्राचं पाणी ओढून थंड होतं, आणि त्या पंपात रबराचा इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारा पंखा, असतो. इंजिन कोरडं चाललं की तो मिनिटा-दोन मिनिटांत फाटतो आणि तुकडे पुढे जाऊन अडकतात. इंपेलर बदलणं डोळे मिटून जमलं पाहिजे, कारण तो फाटतो तेव्हा बोट हलत असते.

*धातू.* फौंड्री किंवा मशीन शॉपमधल्या माणसाला हे अर्धं येतंच. खाऱ्या हवेत ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलला तांबूस डाग पडतात, म्हणून बोटीवर ३१६ वापरतात. ॲल्युमिनियमच्या डोलकाठीत स्टीलचा बोल्ट तसाच कोरडा मारला, तर मिठाच्या पाण्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं. मध्ये काय लावायचं, कुठे लावायचं, हे शिकून घ्या.

*शिवण.* याकडे सगळे दुर्लक्ष करतात. शीड फाटतं, आणि शीड शिवणारा माणूस कुठल्याही बंदरात सहज मिळत नाही. रिक्षाचे हूड आणि ट्रकच्या ताडपत्र्या शिवणाऱ्यांकडे जा. जाड कापडाला सुई कुठली, दोरा किती ताणायचा, कडेला दुमड कशी द्यायची, हे त्यांच्याइतकं चांगलं कुणी शिकवणार नाही. शिडाला नागमोडी टाका लागतो, म्हणजे ताण आला की टाका तुटत नाही. हाताने मेण लावलेल्या दोऱ्याने शिवायलाही शिका. चप्पल शिवणाऱ्या कारागिराकडे आरी आणि दोरा हातात धरायची पद्धत बघितली, तर महिन्याचं काम आठवड्यात होतं.

*वीज.* बारा व्होल्टचं वायरिंग, बॅटरी, सोलर पॅनेल. ट्रॅक्टर-ट्रकच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे चार रविवार पुरतात.

गाठी मात्र घरीच. खिडकीच्या गजाला दोरी बांधा आणि बोलाइन, क्लोव्ह हिच, आठाची गाठ, शीट बेंड, रोलिंग हिच रोज अंधारात बांधा. गाठ बसणं जितकं महत्त्वाचं, तितकंच ती ताणानंतर सुटणंही.

सामान्य चूक: साखर कारखान्याचं हंगामी काम धरणं. वर्षातले काही महिने मोकळे मिळतात म्हणून ते सोयीचं वाटतं. पण गाळप चालतं तेव्हाच समुद्र उघडा असतो, आणि कारखाना थांबतो तेव्हा पावसाळा तोंडावर आलेला असतो. जून ते सप्टेंबर कोकणपट्टीवर शिडाची बोट बाहेर काढत नाहीत. १ जून ते ३१ जुलै मासेमारीही बंद असते. तुम्हाला उलटं काम हवंय, पावसाळ्यात माणसं घेणारं.

टप्पा ६: पैसे कुठे ठेवायचे

आपल्याकडे पगार ७ ते १० तारखेला होतो. ११ तारखेला बचतीची रक्कम आपोआप दुसऱ्या बँकेतल्या आवर्ती ठेवीत जाईल अशी सूचना लावा. त्या खात्याचं एटीएम कार्ड घेऊ नका, यूपीआय जोडू नका. महिनाअखेर उरेल ते टाकू, असं ठरवलेल्या एकाचेही पैसे मी साठलेले बघितले नाहीत.

आता नेहमीच्या जागा एकेक करून.

*भिशी.* गल्लीची, तालमीची, कारखान्यातली. माणसं ओळखीची असतात म्हणून विश्वास बसतो. मीही २० जणांच्या भिशीत होतो. माझा नंबर शेवटून तिसरा होता, आणि चौदाव्या महिन्यात दोघांनी भरणं थांबवलं. माझे पैसे मिळाले, पण अकरा महिने उशिरा, आणि त्यात माझा एक हंगाम गेला. भिशीत राहायचंच असेल तर लवकरचा नंबर घ्या, रक्कम उचलून आवर्ती ठेवीत टाका आणि हप्ते भरत राहा. शेवटचा नंबर घेणारा बाकी सगळ्यांना उधार देत असतो, आणि त्या उधारीला तारण काही नसतं.

*पतसंस्था.* ठेवीवर बँकेपेक्षा एक-दोन टक्के जास्त. हा मोह आपल्या जिल्ह्यात मोठा आहे. फरक नीट समजून घ्या: बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्याही, ठेव विमा महामंडळाचं प्रत्येक ठेवीदारामागे प्रत्येक बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. पतसंस्थेच्या ठेवीला हे संरक्षण नाही. तुमच्या रकमेवर एक टक्का जास्त म्हणजे वर्षाला चार-पाच हजार. त्यासाठी तीन वर्षांचा घाम टांगणीला लावू नका.

*सोनं.* पाडव्याला आणि दसऱ्याला गुजरीत पाऊल टाकल्याशिवाय आपल्या घरांना राहवत नाही. दागिन्यात घडणावळ जाते आणि मोडताना घट धरतात. आणि घरातलं सोनं बोटीसाठी मोडायला आई देत नाही, हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय. आईच्या इच्छेसाठी घ्या, पण बोटीच्या वहीत त्याची नोंद करू नका.

*पीपीएफ* पंधरा वर्षांचं आहे. म्हातारपणासाठी उत्तम, तीन वर्षांच्या ध्येयाला चुकीचं. *शेअर बाजारात* तीन वर्षांत लागणारे पैसे नकोत. बाजार पडला आणि ऑक्टोबर उजाडला, तर वारा तुमच्यासाठी थांबत नाही.

मी स्वतः धोका पातळीची रक्कम मुदत ठेवीत ठेवतो, भावाचं नाव जोडून, म्हणजे मी बाहेर असताना अडचण आली तर तो मोडू शकतो. बाकी सगळं आवर्ती ठेवीत, आणि ती पुरी झाली की छोट्या-छोट्या मुदत ठेवींत. एक मोठी ठेव करू नका. थोडे पैसे लागले म्हणून अख्खी मोडावी लागते.

सामान्य चूक: आधी सामान घेणं. महागडं पावसाळी जाकीट, जीपीएस, सॅटेलाइट फोन, दुर्बीण. शेल्फवर पडलेलं जाकीट तीन वर्षांत चिकट होऊन जातं. पहिल्या हंगामाला स्वतःचं पाहिजे ते एवढंच: अंगाला बसणारं लाइफ जॅकेट आणि बोटीला बांधून घ्यायचा पट्टा, डोक्याला लावायची लाल उजेडाची बॅटरी, चांगला चाकू, डाग न पाडणाऱ्या तळव्याचे बूट, चष्मा असेल तर दोन जादा चष्मे. हे सगळं निघण्याच्या दोन महिने आधी घ्या.

टप्पा ७: शिकणं, आणि वहीतले मैल

शिक्षणाचे पैसे एकदम खर्च करू नका. पहिल्या वर्षी डिंगीवर, म्हणजे एक-दोन माणसांच्या छोट्या शिडाच्या होडीवर, शीड शिका. मुंबई आणि गोव्यात सोय आहे, आणि हैदराबादच्या हुसेनसागरावर पावसाळ्यातही शिडं फिरतात. आपल्याकडून जाण्यायेण्याचं भाडं धरूनही हे स्वस्त पडतं. डिंगीवर चूक केली की लगेच पाण्यात पडता, म्हणून वारा अंगात मुरतो. मोठ्या बोटीवर तीच चूक पाच मिनिटांनी कळते.

दुसऱ्या वर्षी मोठ्या बोटीवरचा प्राथमिक खलाशाचा अभ्यासक्रम. ब्रिटनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनचे कॉम्पिटंट क्रू (खलाशाचा) आणि डे स्किपर (दिवसा बोट चालवण्याचा) हे प्रत्यक्ष अभ्यासक्रम पाच-पाच दिवसांचे असतात आणि जगभर ओळखले जातात. दोन्ही पाठोपाठ करू नका. पहिल्यानंतर निदान एक हंगाम दोऱ्या ओढा, मग दुसरा. बोट न हाताळता मिळवलेला डे स्किपरचा कागद कॅप्टन अर्ध्या तासात ओळखतो. सोबत व्हीएचएफ, म्हणजे बोटीवरून बोलायच्या रेडिओचं शिक्षण आणि प्रथमोपचार.

पहिल्या दिवसापासून मैलांची वही ठेवा. तारीख, बोट, कुठून कुठे, किती सागरी मैल, रात्रीचे तास, तुमचं काम, कॅप्टनची सही. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. पुढे कधी यॉटमास्टर ऑफशोअर या वरच्या दर्जाच्या कॅप्टनकीच्या परीक्षेला बसायचं ठरवलं तर ५० दिवस आणि २,५०० मैल दाखवावे लागतात. सही नसलेले मैल मागाहून सिद्ध करताना नाकी नऊ येतात. माझे पहिले साडेतीनशे मैल असेच वाया गेले, कारण त्या बोटीचा कॅप्टन पुन्हा कधी भेटला नाही.

भरती-ओहोटीचा अभ्यास कोल्हापुरात बसून होतो. पंचांग उघडा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती, अष्टमीच्या आसपास भांगाची. रत्नागिरीच्या भरतीच्या वेळा महिनाभर रोज वहीत उतरवा आणि उद्याची वेळ न बघता सांगायचा प्रयत्न करा. रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते.

पडताळणी: साठवणुकीच्या दुसऱ्या वर्षाअखेर तुमच्या वहीत सहीचे मैल शून्य असतील, तर आकडा कितीही झालेला असो, निघू नका. अजून एक हिवाळा सुट्ट्या घेऊन समुद्रावर जा.

टप्पा ८: घर, कागद आणि राजीनामा

घरी आधी सांगा. "बोटीवर जातोय" एवढं ऐकलं की आईच्या डोळ्यांपुढे बुडणारं जहाज येतं. वही दाखवा. धोका पातळी म्हणजे काय, परतीचं तिकीट कुठं ठेवलंय, ठेवीवर भावाचं नाव आहे, हे वडिलांना बसून समजावा. माझ्या वडिलांनी पूर्ण हिशेब दोनदा तपासला, एक चूक काढली, आणि मग विरोध केला नाही.

पासपोर्टची मुदत बघा. बऱ्याच देशांना प्रवेशाच्या वेळी सहा महिने शिल्लक लागतात. आरोग्य विमा नोकरीतून असेल तर तो राजीनाम्याबरोबर संपतो, म्हणून स्वतःचा आधीच काढा. शिडाच्या बोटीवरचा अपघात त्यात धरला जातो का, हे लेखी विचारा. दात दाखवून घ्या. किरकोळ किडलेली दाढ बंदरापासून दोन दिवसांवर असताना माणसाला लोळवते.

नोकरीत असतानाच भविष्य निर्वाह निधीचा यूएएन आधार, पॅन आणि बँक खात्याला जोडून घ्या. सोडल्यावर मालकाच्या सहीसाठी फेऱ्या मारायला तुम्ही इथं नसाल. पाच वर्षं सेवा होण्याआधी निधी काढला तर त्यावर कर लागतो. आणि त्याच कारखान्यात साडेचार वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटीची पाच वर्षं पूर्ण करूनच निघा. त्या सहा महिन्यांचं मोल एका हंगामाच्या जेवणाएवढं आहे.

वेळ अशी धरा: राजीनाम्याच्या नोटिशीचा कालावधी दिवाळीनंतर संपावा. बोनस हातात येतो, घरी सण होतो, आणि समुद्रही नेमका शांत होत असतो. बोनस थेट घरखर्चाच्या खात्यात टाका, तुम्ही नसतानाच्या महिन्यांसाठी.

मालकाशी भांडून निघू नका. जूनमध्ये त्याच्याच दारात यायचंय.

सावधान: ऑक्टोबर-नोव्हेंबरला समुद्र उघडतो म्हणजे धोका संपला असं नाही. २०१७ च्या डिसेंबरच्या तोंडावर आलेलं ओखी आणि २०१९ च्या ऑक्टोबर अखेरचं क्यार ही दोन्ही वादळं याच दिवसांतली. मे महिन्यातलं तौक्ते २०२१ चं. हवामान खात्याचा समुद्रासाठीचा इशारा रोज वाचायची सवय आतापासून लावा. माझ्या मते पहिल्या हंगामातल्या माणसाने लांबचा प्रवास डिसेंबर ते मार्च एवढ्यातच करावा.

टप्पा ९: पहिला हंगाम

पहिली जागा दक्षिणेकडे जाणाऱ्या बोटीवर शोधा. हिवाळ्यात दुपारचा वारा वायव्येचा, त्यामुळे मुंबईहून गोव्याकडे तो पाठीशी येतो. गोव्याहून मुंबईकडे तोच तोंडावर घेत आडवेतिडवे टप्पे मारत जावं लागतं, आणि नवीन माणूस दोन दिवसांत थकतो. मुंबई-गोवा अंतर सुमारे २२५ सागरी मैल. ताशी पाच मैलांनी सलग चाललं तर ४५ तास, म्हणजे दोन रात्रींचे पहारे. पहिल्या अनुभवाला एवढं पुरेसं आहे.

बोटीवर चढण्याआधी पैशाचं स्पष्ट बोला. जेवणाचा वाटा किती, बंदराचं शुल्क कोण देणार, काही मोडलं तर काय, उतरायचं असेल तर किती दिवस आधी सांगायचं. कॅप्टनला याचा राग येत असेल तर ती बोट घेऊ नका. लाइफ जॅकेट, आग विझवायचं साधन आणि रेडिओ चालू आहे का, हे स्वतः हात लावून बघा. मुलींना मी आणखी सांगतो: त्या बोटीवर आधी जाऊन आलेल्या दोन बायकांशी बोलल्याशिवाय चढू नका, आणि बोटीचं नाव व मार्ग घरी लिहून द्या.

खर्च रोज लिहा, आठवड्याने एकदा बेरीज करा. शिल्लक इशारा पातळीला टेकली त्या दिवशी दोन गोष्टी करायच्या. कॅप्टनला सांगायचं, की पुढच्या सोयीच्या बंदरात मी उतरतो. आणि त्याच संध्याकाळी कोल्हापूरला, कारखान्यात फोन लावायचा. एप्रिलच्या मध्यापर्यंत फोन केला तर मालक पावसाळ्याच्या कामाला तुम्हाला धरून चालतो. मे अखेरीस केला तर मशीनवर दुसरा माणूस बसलेला असतो.

परत आलात की पहिल्या पगाराच्या ११ तारखेला आवर्ती ठेव पुन्हा चालू करा, आणि इंजिनच्या मिस्त्रीकडे जाताना फाटलेला इंपेलर सोबत न्या. तो का फाटला, हे तो बघून सांगतो.